काकांच्या आवाजाचा बंदोबस्त

९ जून २०२५
जहाजावरून

काकी,

फोनवर तुझं अर्धं वाक्य माझ्या कानात येतं आणि उरलेलं अर्धं समुद्रात पडतं, म्हणून ईमेल लिहितोय. आणि हे काम बोलून होण्यातलं नाही. पत्र फोनवर उघडून लॅपटॉपच्या शेजारी ठेव आणि सांगतो तसं एकेक बटण दाब. घाई करू नकोस.

काकांच्या लॅपटॉपवर ‘वाचा’ आहे ना, ज्यात ते टाइप करतात आणि तो त्यांच्याच आवाजात बोलतो, तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी कळवलंय की पुढच्या आवृत्तीपासून माणसाचा स्वतःचा आवाज ठेवायची सोय बंद. त्यांचे तयार आवाज वापरायचे. मराठीला एक पुरुष आणि एक बाई, बस. म्हणजे घसा काढायच्या ऑपरेशनच्या आधी मी काकांना पंखा बंद करून खोलीत बसवलं, घसा दुखत असताना त्यांनी ती शेकडो वाक्यं वाचून दिली, ते सगळं एका अपडेटमध्ये मातीत जाणार. त्या वाक्यांच्या फाइली माझ्याकडे आहेत, पण त्यातून तयार झालेला आवाज त्या लॅपटॉपच्या बाहेर काढता येत नाही. कंपनीने तसं कुलूप घातलंय.

आणि हा प्रोग्रॅम कोणाला विचारत नाही. सुरू झाला की इंटरनेटवर जातो, नवीन काही आलंय का बघतो आणि असलं तर आणून स्वतःवर चढवतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अपडेट नको’ असं एक बटण आहे. ते निव्वळ शोभेचं आहे, मी खात्री करून घेतली.

तेव्हा त्याच्या डोक्यावर बसलेल्यालाच सांगायला हवं. विंडोजमध्ये फायरवॉल असते. कुठला प्रोग्रॅम इंटरनेटवर जाईल आणि कुठला जाणार नाही हे ती ठरवू शकते. बाकी सगळं चालू राहील, तुझी मेल, तुझी कीर्तनं, काकांचा पेपर. फक्त ‘वाचा’ला बाहेर जाता येणार नाही. बोलायला त्याला इंटरनेट लागत नाही, आवाज लॅपटॉपमध्येच आहे.

स्टार्ट दाबून ‘फायरवॉल’ इंग्रजीत टाइप कर. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ लिहिलेलं उघड. डाव्या बाजूला ‘आउटबाउंड रूल्स’. इनबाउंड नव्हे. मग उजवीकडे ‘न्यू रूल’, त्यात ‘प्रोग्रॅम’, मग ‘ब्राउझ’ करून ‘वाचा’च्या फोल्डरमध्ये जा. तिथे दोन फाइली आहेत, एक स्वतः ‘वाचा’ आणि दुसरी अपडेट आणणारी. दोन्हींसाठी वेगवेगळा रूल करायचा. ‘ब्लॉक द कनेक्शन’ निवड. पुढे तीन चौकोन येतील, तिन्हींत बरोबरची खूण राहू दे.

काकांना यातलं काही सांगू नकोस. ते उत्साहाच्या भरात काहीही दाबतात.

देवेश

*

१३ जून
मये

देवेश,

हे फोनवरून एका बोटाने लिहिते आहे, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर माझ्या नोकरीचा अपमान करू नकोस. पस्तीस वर्षं मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, आता हा फोन मला शिकवतो.

तू सांगितलंस तसं केलं. ब्राउझ केल्यावर फोल्डरांची जी रांग आली त्यात ‘वाचा’ दिसेना. एकात गेले, तिथे एक फाइल होती, तिला ब्लॉक केलं. समाधानाने चहा ठेवला. आल्यावर पाहते तर माझी मेल उघडत नाही, पेपर उघडत नाही, काहीच नाही. मी ज्यातून इंटरनेट बघते त्यालाच मी कोंडून ठेवलं म्हणे. शेजारच्या सुविधाच्या मुलीने सांगितलं. म्हणजे आता ‘वाचा’ खुशाल इंटरनेटवर आहे आणि मी बाहेर.

तुझे काका मागे उभे राहून बघत होते. मी म्हटलं, लाईट बिल भरते आहे.

हे सोपं आहे असं तू म्हणाला होतास.

काकी

*

१५ जून
जहाजावरून

काकी,

सोपं आहे असं मी कुठेही म्हटलं नव्हतं. वर जाऊन वाच.

तू ब्राउझर ब्लॉक केलास. घाबरू नकोस, त्याच आउटबाउंड रूल्सच्या यादीत तू केलेला रूल सगळ्यात वर लाल खुणेसह दिसेल. त्याच्यावर उजवं बटण, ‘डिलीट’. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस. मग ‘वाचा’चा आयकॉन डेस्कटॉपवर आहे त्याच्यावर उजवं बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ कर. फोल्डर आपोआप उघडेल. वरच्या पट्टीत त्याचा पत्ता दिसतो तो कॉपी करून ब्राउझच्या ठिकाणी चिकटव.

आणि दोन्ही फाइली. एक पुरे ना, असं विचारशील म्हणून आधीच सांगतो. नाही. अपडेटवालीला अडवलं आणि ‘वाचा’ला मोकळं ठेवलं तर तो आज ना उद्या दुसरी वाट काढील. मी हेच काम करून पगार घेतो. इथे चार हजार प्रवासी जहाजाच्या वाय-फायवर काय काय करतात ते बघत असतो. एकदा तरी माझं ऐक.

देवेश

*

२३ जून
मये

देवेश बाबा,

ऐकलं. झालं. दोन लाल खुणा यादीत बसल्या आहेत. ‘वाचा’ उघडला तर खाली एक पिवळी पट्टी येते, इंटरनेट नाही म्हणून, आणि तो बोलतो मात्र ठणठणीत. त्या दिवशी तुझ्या काकांनी त्याच्यातून मला बांगड्यांवरून झापलं. मासेवाल्या बाईने शिळे बांगडे गळ्यात मारले आणि तू हसत घेतलेस, असं. तोच आवाज, वाक्याच्या शेवटी तोच थोडा खाली पडणारा सूर. बांगडे ताजे होते. तरी बरं वाटलं.

पण तेव्हापासून बिनसलं आहे. का ते कळत नाही. दुपारी जेवण झालं की लॅपटॉप घेऊन दारापुढच्या बाल्कांवात बसतात, खुडबुड करतात, मग धाडकन झाकण बंद करतात. संध्याकाळी तळ्यापर्यंत फिरायला जायचे ते बंद. आधी ‘वाचा’तून दिवसभर काही ना काही चालायचं, आता हातवारे करतात. परवा मला पाटीवर खडूने लिहून दाखवलं, ‘इंटरनेट बंद.’ मी म्हटलं, पावसामुळे लाईनीत बिघाड असेल. तू म्हणाला होतास सांगू नकोस, म्हणून खोटं बोलले. तर माणसाने काय करावं? रेनकोट घालून डिचोलीला गेले आणि तक्रार देऊन आले. लाईनमन आला, खांबावर चढला, उतरला आणि मला म्हणाला, बाई, लाईन एकदम फर्स्ट क्लास. मी त्याला चहा दिला आणि लवकर वाटेला लावला. तुझे काका माझ्याकडे बघत राहिले.

त्यांना इंटरनेट कशाला हवं आहे? पेपर तर उघडतो.

काकी

*

१ जुलै
जहाजावरून

काकी,

माणूस तीस वर्षं खाणीच्या ऑफिसात हुकूम सोडत होता. खाण बंद झाली, मग घसा गेला. त्याची चिडचिड कशावरूनही होणार. इंटरनेट हे निमित्त. त्यांचं ‘वाचा’चं जे काही आहे ते घरातल्या घरात असतं, बाहेर बोलायला त्यांना कोण आहे? पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे सांग. औषध बदलतील.

नवी आवृत्ती आली. ज्यांनी अडवली नाही त्यांचे आवाज गेले. लोक कंपनीला शिव्या घालताहेत. एका बाईच्या वारलेल्या नवऱ्याचा आवाज होता. आपण वाचलो ते केवळ वेळेवर केलं म्हणून. तेव्हा काय वाटेल ते होवो, त्या दोन रूल्सना हात लावायचा नाही. काकांनी आदळआपट केली तरी नाही.

देवेश

*

८ जुलै
मये

देवेश,

हात लावलेला नाही.

पाऊस आहे. पोदेर दोन दिवस आला नाही, पावाशिवाय चहा म्हणजे शिक्षाच. बाकी सगळं जिथल्या तिथे. तोरशाहून सुशीलाचा फोन आला होता, रघुनाथची बायको. रघुनाथ म्हणजे तुझ्या काकांबरोबर खाणीवर ट्रक चालवायचा तो, मूळचा सातार्ड्याचा. साखरेने त्याचे डोळे गेले. भावोजी बरे आहेत ना, लॅपटॉप बरा आहे ना, असं विचारत होती. लॅपटॉपची चौकशी तिला कशाला, मला कळलं नाही. दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलं. आता माझ्या तोंडून खोटं इतकं सहज येतं की माझं मलाच नवल वाटतं.

घरात कोणी बोलत नाही. आवाज मात्र सुरक्षित आहे.

काकी

*

१९ जुलै
मये

देवेश,

हे पत्र मी, सगुण, लिहीत आहे. तुझी काकी स्वयंपाकघरात आहे, आणि तिथेच राहिलेली बरी.

काल सकाळी रघुनाथ आला. पेडण्याची बस, मग म्हापशाची, मग इकडची. भर पावसात, सुशीलाचा खांदा धरून. पायरीवर उभा राहून मोठ्याने म्हणाला, “सगुण, तू जिवंत आसस मां रे?” मी समोर उभा. मी जिवंत आहे हे त्याला कसं सांगणार? हात धरला. तर म्हणाला, “हात कोणाचो पण आसता. बोल.” मला लॅपटॉप उघडून, पासवर्ड टाकून, ‘वाचा’ सुरू होईपर्यंत तो तसाच उभा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. मग मी टाइप केलं, “आसंय रे, बस.” तेव्हा बसला.

आता तुला सांगतो, कारण तुझ्या काकीलाही काल कळलं. ‘वाचा’त फोन लावायची सोय आहे. तूच दाखवली होतीस, तूच विसरलास. मी टाइप करायचं, तो समोरच्याच्या फोनवर बोलतो. वर्षभर रोज दुपारी, काकी पडलेली असताना, मी रघुनाथला फोन लावतो आणि पेपर वाचून दाखवतो. बातमी उचलायची, ‘वाचा’त टाकायची, तो माझ्या आवाजात वाचतो. मध्येमध्ये मी माझं टाइप करतो. रघुनाथ तिकडून आमदारांना शिव्या घालतो. मुका वाचतो आणि आंधळा ऐकतो, लोकांना सांगितलं तर हसतील. हसू देत. काकीला सांगितलं नव्हतं, कारण घरात एवढी एकच गोष्ट होती जी कोणी मला करून देत नव्हतं.

आणि एके दिवशी बंद. पट्टी येते, इंटरनेट नाही. पेपर उघडतो, काकीची कीर्तनं चालतात, फक्त माझं तोंड बंद. मोबाईल लॅपटॉपजवळ धरून पाहिला. आवाज फुटतो, रघुनाथ तिकडून कोण, कोण करतो आणि ठेवतो. सुशीलाला मेसेज करणार होतो, पण तिला वाचता येत नाही. तिने घरी फोन केला तर काकीने सांगितलं लॅपटॉप दुरुस्तीला. लॅपटॉप तर माझ्या मांडीवर. रघुनाथला वाटलं, हे लोक काहीतरी लपवतात. माणूस गेला की असंच सांगतात. ते चुकीचं म्हणता येत नाही.

काल रघुनाथसमोर काकी रडली आणि सगळं सांगितलं. तू, फायरवॉल, दोन फाइली.

मी चिडलो आहे हे तुझ्या लक्षात यावं म्हणून लिहितो. आवाज वाचवलात, चांगलं केलंत. पण जून महिन्यापासून हा सगळा पत्रव्यवहार काकीशी. लॅपटॉप माझा, तोंड माझं, आणि मला विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी बटणं दाबतो म्हणे. तीस वर्षं वजनकाटा आणि ट्रकांच्या खेपा मी सांभाळल्या, एक खेप इकडची तिकडे झाली नाही. डॉक्टरांनी माझा घसा काढला तेव्हासुद्धा कागदावर सही माझी घेतली होती.

तेव्हा आता मला सांग. हे कसं उघडायचं, उघडलं तर काय होईल, नाही उघडलं तर काय होईल. गोड करून सांगू नकोस.

सगुण

*

२१ जुलै
जहाजावरून

काका,

तुमचं पत्र वाचून मी डेकवर जाऊन उभा राहिलो. फोनची सोय मीच दाखवली होती हे खरं. विसरलो हेही खरं. माफ करा.

आता तुम्ही विचारलं तसं सरळ सांगतो.

काकीने दोन फाइली अडवल्या आहेत. एक स्वतः ‘वाचा’, दुसरी अपडेट आणणारी. फोन लावतो तो ‘वाचा’. तेव्हा त्याचा रूल तुम्ही उचलू शकता आणि दुसरा तसाच ठेवू शकता. आउटबाउंड रूल्सच्या यादीत ‘वाचा’च्या नावावर उजवं बटण, ‘डिसेबल रूल’. डिलीट करू नका, लागला तर परत चालू करता येईल. फोन लागेल. अपडेट येणार नाही. आज तरी.

पण हे कायमचं नाही. फोन कंपनीच्या सर्व्हरमधून जातो. तो सर्व्हर प्रत्येक वेळी बघतो की तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे. सध्या जुन्यांना चालवून घेताहेत. मी माझ्या लॅपटॉपवर तपासलं, फोनचा आणि तपासणीचा पत्ता एकच आहे, त्यामुळे एक मोकळा ठेवून दुसरा अडवणं जमत नाही. एक दिवस पडद्यावर येईल की नवी आवृत्ती घ्या, तरच पुढे. तेव्हा दोनच गोष्टी हाती राहतील. परत अडवायचं, म्हणजे आवाज तुमचा राहील पण घराबाहेर जाणार नाही. किंवा हो म्हणायचं, म्हणजे फोन राहील आणि आवाज दुसऱ्याचा होईल. गेलेला परत आणता येणार नाही. पूर्ण अडवून ठेवलं तर हा लॅपटॉप चालेल तोवर आवाज राहील.

दुसरा कुठला प्रोग्रॅम मराठीत असा आवाज बनवून देतो का, शोधतोय. अजून मिळालेला नाही.

काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काकीला वेगळं काही लिहिणार नाही.

देवेश

*

२४ जुलै
मये

देवेश,

डिसेबल केला. एकट्याने. काकी दारात उभी होती, तिला म्हटलं, आत ये किंवा बाहेर जा.

फोन लागला. रघुनाथने आधी शिव्या दिल्या, मग साठलेल्या सगळ्या बातम्या मागितल्या. मी म्हटलं, जुन्या झाल्या. तो म्हणाला, माका नवीनच मां. जूनमध्ये थांबलो होतो तिथपासून वाचायला घेतलं आहे. मध्येच काकी येऊन बसते आणि तिला न आवडलेल्या बातमीवर मान हलवते. रघुनाथला ते दिसत नाही, म्हणून मी टाइप करून सांगतो.

पुढचं पुढे.

सगुण

*

१४ सप्टेंबर
मये

देवेश बाबा,

चवथीला तू नव्हतास, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला उंच माणूस कोणी नव्हता, शेजारचा अक्षय आला शेवटी. ते वेगळं लिहीन. आज दुसरं सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात ते आलं. तुझे काका दुपारी फोन लावायला बसले तर पडद्यावर मोठा चौकोन. पुढे चालू ठेवण्यासाठी नवी आवृत्ती घ्या. खाली दोन बटणं. त्यांनी मला हाक मारून बोलावलं, म्हणजे मेज वाजवलं. मी वाचलं आणि म्हटलं, बंद करा तो लॅपटॉप, मी आत्ता तुम्ही उचललेला रूल परत चालू करते. मला आता हे काम झोपेतसुद्धा येतं.

त्यांनी हात आडवा धरला.

मग आमचं भांडण झालं. तुला काय सांगू. मी बोलत होते आणि ते टाइप करत होते, आणि माझं बोलणं संपायच्या आत त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात यायचं, म्हणजे अगदी पूर्वीसारखं भांडण. मी म्हटलं, तुमचा आवाज म्हणजे तुमच्या एकट्याचा आहे का? चाळीस वर्षं मी तो ऐकला, माझा काही हक्क आहे की नाही? ते म्हणाले, आहे. मी म्हटलं, मग ठेवा. रघुनाथसाठी मी रोज पेपर वाचते, फोनवर, माझ्या तोंडाने, मला चांगलं वाचता येतं. तर म्हणाले, “तुझं वाचन चांगलंच आहे. पण मग मी काय करू? बाजूला बसून ऐकू?”

यावर मला आणखीच राग आला. मी उठून आत गेले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, परत घासली. नळ मोठा सोडला होता. बाहेर ‘वाचा’ काहीतरी बोलत होता, बराच वेळ. मला शब्द कळले नाहीत. नळ बंद करावा असं वाटलं, पण केला नाही. बाहेर आले तेव्हा दुसरा रूलही त्यांनी उचललेला होता आणि पडद्यावर नव्या आवृत्तीची हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. शेवटचं काय बोललात म्हणून मी नंतर विचारलं. सांगत नाहीत. पाटीवर लिहितात, ‘तुला नव्हतं ऐकायचं.’ त्यांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एका घरात एक बोलू शकत नाही आणि दुसरी बोलत नाही. सुविधा डोकावून गेली, तिला वाटलं आम्ही गावाला गेलो.

नवा आवाज एका तरुण माणसाचा आहे. स्वच्छ, पुण्याकडचा, प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री केल्यासारखा. रघुनाथने पहिल्या दिवशी ऐकून विचारलं, हो रेडिओवालो कोण? तुझ्या काकांनी स्वतःचं नाव टाइप केलं. रघुनाथ म्हणाला, “माका नाय आवडलो. पण वाच.” आणि त्यांनी वाचायला घेतलं. तिसऱ्या दिवशी तो त्या आवाजाशी भांडायला लागला, म्हणजे सवय झाली म्हणायची.

मला झाली नाही. मी अजून त्या आवाजाकडे बघत नाही, म्हणजे आवाजाकडे बघता येत नाही, पण तुला समजलं असेल. जेवताना तो मीठ मागतो तर मी मीठ देते, पाहुण्याला देतात तसं.

काल संध्याकाळी जरा उघडलं म्हणून परसात कपडे वाळत घालत होते. आतून कोणी माणूस म्हणाला, “कमळे.” मला वाटलं टीव्ही. मग परत, “कमळे.” तेव्हा अंगावर काटा आला आणि पाठोपाठ राग. या नावाने मला हाक मारणारा एकच माणूस, आणि हा कोण कुठला पोरगा मला एकेरीत हाक मारतो? मी टॉवेल पिळत तशीच उभी राहिले. मला आतलं दिसत नव्हतं, पण माहीत होतं. एका बोटाने, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून, ते तीच अक्षरं पुन्हा टाइप करत होते.

तिसऱ्यांदा हाक आली. मी ओ दिली.

काकी